पाऊणकी येत असेल तर टॉर्कचं गणित येतं

टॉर्कच्या पान्यावर दोन पट्ट्या असतात. एकीवर न्यूटन-मीटर, दुसरीवर फूट-पाउंड. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपला नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात विचारतोच, "दादा, यातला कुठला आकडा धरायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. "पुस्तकात लिहिला असेल तो" एवढं उत्तर पुरत नाही, कारण एका पुस्तकात न्यूटन-मीटर असतं, दुसऱ्यात फूट-पाउंड, तिसऱ्यात केजी-मीटर, आणि हे तिसरं माप कित्येक पान्यांवर नसतंच. मग मुलं मोबाइल काढतात. हात तेलाने माखलेले, स्क्रीन दाद देत नाही, शेवटी अंदाजाने आवळतात. म्हणून मी हे गणित तोंडी शिकवतो. ते अवघड नाही. आपल्या आज्या-पणज्यांना पाठ असलेल्या पावकी-पाऊणकीत, म्हणजे पाव आणि पाऊणच्या पाढ्यांत, ते बसतं.

आधी टॉर्क म्हणजे काय ते बघू. जात्याचा खुंटा कडेला का असतो? मधल्या खिळीजवळ खुंटा ठोकला असता तर दळणारीचे हात तासाभरात भरून आले असते. खुंटा मध्यापासून जितका लांब, तितकं थोड्या जोरात जातं फिरतं. फिरवण्याची ताकद जोरावर अवलंबून असते आणि अंतरावरही. या दोघांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. बोल्ट सुटत नसला की आपण पान्याला पाइप लावतो, तेव्हा हाताचा जोर तोच राहतो, अंतर वाढतं. जोर मात्र पान्याला काटकोनात लागला पाहिजे, तिरका लागला तर त्यातला काही वाया जातो.

आता एककांकडे बघा, त्यांच्या नावातच गुणाकार लिहिलेला आहे. फूट-पाउंड म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला एक पाउंड वजन. केजी-मीटर म्हणजे एक मीटर लांबीवर एक किलो. न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटरवर एक न्यूटन. पहिली दोन डोळ्यांसमोर येतात. न्यूटनपाशी मुलं अडखळतात, कारण बाजारात कुणी न्यूटनने काही विकत नाही. एक किलोच्या वजनाला पृथ्वी खाली ओढते तो जोर ९.८ न्यूटन. म्हणजे एक न्यूटन साधारण १०२ ग्रॅमचा भार झाला, शंभर ग्रॅमच्या साबणाच्या वडीएवढा. मीटरभर काठी आडवी धरून तिच्या टोकाला ती वडी टांगा, हाताशी जी पिळवटणारी ताकद जाणवेल ती एक न्यूटन-मीटर. फूट-पाउंडसाठी शाळेतली फूटपट्टी घ्या आणि टोकाला अर्ध्या किलोला थोडी कमी साखर टांगा, ४५४ ग्रॅम. त्या फूटपट्टीच्या एका कडेला इंच असतात, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. लांबी एकच, मोजणाऱ्या भाषा दोन. टॉर्कच्या पान्यावरच्या दोन पट्ट्यांचंही तेच आहे.

म्हणून रूपांतर करताना दोन गोष्टी बदलायच्या असतात, लांबी आणि जोर. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. एक पाउंड म्हणजे ०.४५३६ किलो, आणि त्याचा जोर ४.४४८ न्यूटन. दोघांचा गुणाकार केला की १.३५६ येतो. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, ते इथून आलं. हा आकडा विसरलात तरी चालेल, कुठून आला ते लक्षात असलं की कागदावर पुन्हा काढता येतो. पाठ केलेलं घाईत दगा देतं, समजलेलं सहसा देत नाही, असा माझा अनुभव आहे.

तोंडी हिशेबाकडे येतो. न्यूटन-मीटरचं फूट-पाउंड करायचं तर पाऊणकी म्हणा, आणि मूळ आकड्याच्या दर शंभराला सव्वा वजा करा. १०० ची पाऊणकी ७५, त्यातून सव्वा गेला, राहिले ७३.७५. खरं उत्तर ७३.७६ आहे. कारच्या चाकाच्या नटाला ११० न्यूटन-मीटर सांगितलं असेल तर पाऊणकी साडेब्याऐंशी, वजा साधारण दीड, उत्तर ८१ फूट-पाउंड. शेकडा सव्वा वजा करायला विसरलात तरी चूक पावणेदोन टक्क्यांच्या आत राहते. टॉर्क पान्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १० न्यूटन-मीटरच्या वर शेकडा ४ इतका फरक पान्यालाच माफ असतो. तेव्हा चाकाच्या नटाला नुसती पाऊणकी पुरते. इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, मात्र मी सव्वा वजा केल्याशिवाय हात लावू देत नाही, कारण पान्याची चूक आणि हिशेबाची चूक एकाच बाजूला पडली तर दोन्हींची बेरीज होते.

उलट जायचं असेल, म्हणजे फूट-पाउंडचं न्यूटन-मीटर, तर आकड्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवा आणि दर शंभराला आणखी सव्वादोन मिळवा. ६० फूट-पाउंड असतील तर तिसरा हिस्सा २०, झाले ८०, आणि साठाला सव्वादोनच्या हिशेबाने १.३५. उत्तर ८१.३५. कॅलक्युलेटर हेच दाखवतो.

केजी-मीटरचं त्याहून सोपं. न्यूटन-मीटर हवं तर दहापट करून शेकडा दोन वजा. १२ केजी-मीटर म्हणजे १२० वजा २.४, म्हणजे ११७.६. आणि केजी-मीटरवरून थेट फूट-पाउंड हवं तर सव्वासातपट. १२ गुणिले सव्वासात ८७, खरं उत्तर ८६.८. हे सव्वासातही आभाळातून पडलेलं नाही. एका मीटरमध्ये ३.२८ फूट, एका किलोत २.२०५ पाउंड, त्यांचा गुणाकार ७.२३. सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे शब्द ज्या भाषेत रोज बोलले जातात, तिच्यात हे हिशेब असे अलगद बसताना बघून मला फार आनंद होतो. आजकाल शाळेत पाऊणकी म्हणून घेत नाहीत. माझ्याकडच्या पोरांकडून मी घेतो.

एवढी सरमिसळ झाली कशी, तेही सांगायला हवं. आपल्या सांगली जिल्ह्यात लोखंडाचं काम जुनं आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हा या देशातल्या कारखान्यांत सगळं इंचात चालायचं. बोल्टाचे आटेसुद्धा व्हिटवर्थचे, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात ठरवून दिलेल्या ५५ अंशांच्या कोनाचे. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-मीटर टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण कायद्याने यंत्रं बदलत नाहीत. ट्रॅक्टर इंग्लिश आणि अमेरिकन नकाशांवरून इथे बनू लागले, त्यांच्याबरोबर फूट-पाउंड आलं. ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतल्या मोटारसायकली आल्या, त्यांच्या पुस्तकांत केजी-मीटर. नव्या गाड्यांना न्यूटन-मीटर. आणि बोलण्यात तर इंच अजून पक्का बसलेला आहे. सळई आपण सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्यात, मागतो, पाइपलाइन दोन इंची-तीन इंची, विहिरीवरची मोटर पाच एचपीची. एकाच शेडखाली, एकाच दिवशी, तिन्ही मापांची कामं येतात. यात कुणाचा दोष नाही, पण सावध राहावंच लागतं.

किती सावध, हे मी एका ट्रॅक्टरवर शिकलो.

गळीत हंगाम तोंडावर आला होता. पलूसकडच्या एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सांधा बंद करणारी पातळ पट्टी, बदलायला आला होता. पुस्तक मूळचं नव्हतं, कुणीतरी काढून दिलेली दोन पानांची झेरॉक्स होती, आणि तिची वरची ओळ कापली गेली होती. आकडे राहिले होते, एकक गेलं होतं. हेड बोल्टसमोर ८० लिहिलेलं. पोराने विचारलं, "दादा, ऐंशी ना?" मी दुसऱ्या इंजिनावर वाकलेलो. "ऐंशी," म्हणालो. पाना न्यूटन-मीटरच्या पट्टीवर ८० ला लागला. झेरॉक्समधले ८० फूट-पाउंड होते.

८० फूट-पाउंड म्हणजे एकशे साडेआठ न्यूटन-मीटर. आम्ही दिले ८०, म्हणजे ५९ फूट-पाउंड. पाव हिश्श्याहून जास्त कमी. इंजिन चालू झालं, आवाज छान, धूर नाही, ट्रॅक्टर गेला. तीन आठवड्यांनी मालकाचा फोन आला, "मिस्त्री, रेडिएटरचं पाणी रोज कमी व्हायला लागलंय." गेलो, तेल बघायची डिपस्टिक ओढली, तर टोकाला तेल नव्हतं, दुधाच्या चहासारखा राखाडी फेस होता. पाणी तेलात उतरलं होतं. भर हंगामात ऊस ओढणारा ट्रॅक्टर आठ दिवस शेडमध्ये उभा राहिला. नवं गॅस्केट, तेल, मजुरी मी घातली, पण त्याच्या बुडलेल्या खेपा मला भरून देता आल्या नाहीत. ते मला आजही लागतं. चूक त्या पोराची नव्हती. एकक न विचारता "ऐंशी" म्हणणारा मी होतो.

पाव हिस्सा कमी पडला तर एवढं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. बोल्ट हा आवळताना किंचित ताणला जातो, अगदी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा आत ओढत राहतो. त्या ओढीने हेड आणि ब्लॉक एकमेकांना दाबून धरतात. दहा मिलीच्या एका साध्या कोरड्या बोल्टला ५० न्यूटन-मीटर दिलं तर त्यात साधारण अडीच टनांची ओढ तयार होते. बोटाएवढ्या बोल्टाला अडीच टन ऊस टांगलाय असं समजा. टॉर्क पाव हिश्श्याने घटला की ही ओढही तेवढीच घटते. सिलिंडरमध्ये दर ठिणगीला, दर फवाऱ्याला दाब उसळतो, तेव्हा हेड केसभर उचलतं आणि गॅस्केटमधून वाट होते.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कुणी सांगत नाही. तुम्ही पान्यावर जी ताकद लावता तिचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो. बाकीची सगळी घर्षणात जाते, निम्मी बोल्टाच्या डोक्याखाली आणि उरलेली आट्यांत. म्हणून आट्यांना तेल लावलेलं आहे की ते कोरडे आहेत, यावर सगळं फिरतं. पुस्तकाने कोरडा आकडा दिला असताना तेल लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट ठरल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. एककाचं गणित दशांशापर्यंत बरोबर केलं आणि आट्यातली माती पुसली नाही, तर त्या दशांशाचा उपयोग नाही.

उलटी चूक जास्त महागात पडते. ८० न्यूटन-मीटरच्या जागी ८० फूट-पाउंड दिले तर ताकद ३६ टक्के जास्त होते. लोखंडात बोल्ट तुटेल, अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये आटेच पिठासारखे बाहेर येतील. पण सगळ्यांत वाईट गोंधळ इंच-पाउंडचा. फुटात बारा इंच, म्हणून एका फूट-पाउंडात १२ इंच-पाउंड. सहा मिलीच्या कव्हर बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात. तेच इंच-पाउंडात साडेअठ्ठ्याऐंशी आणि फूट-पाउंडात जेमतेम साडेसात. पुस्तकातलं ८८ कुणी फूट-पाउंड समजून बसला तर तो बोल्ट त्याच्या निम्म्यालाही पोचणार नाही, आधीच तुटेल. बारापट चूक हाताला कळायला हवी. सहा मिलीच्या बोल्टाला हात थरथरेपर्यंत जोर लागायला लागला की थांबा, आकडा काहीही म्हणो. न्यूटन-मीटरवरून इंच-पाउंडासाठी पावणेनऊपट करा आणि मूळ आकड्याच्या दर दहाला एक मिळवा. दहाचे साडेसत्त्याऐंशी अधिक एक, साडेअठ्ठ्याऐंशी.

पाउंडाची खूण छापताना एल आणि बी ही अक्षरं का असतात, असं एका मुलाने विचारलं होतं. ती लॅटिन भाषेतल्या लिब्रा या वजनाच्या नावातून आली आहेत. पट्टीवर एफ-टी दिसलं तर फूट, आय-एन दिसलं तर इंच. छोट्या मोटरींवर केजी-सेंटीमीटर छापलेलं असतं, तिथे शंभराने भागलं की केजी-मीटर. काही युरोपी पान्यांवर डेकान्यूटन-मीटर असतं, ते दहा न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ एक केजी-मीटरच.

आता पाना हातात घ्या. मुठीच्या वर दांड्यावर उभी पट्टी कोरलेली असते, आणि मूठ फिरवली की तिच्या कडेवरचं गोल कडं पट्टीवर सरकतं. त्या कड्यावर बारीक आकडे असतात. उभ्या पट्टीवर ८४ ची रेघ उघडी झाली आणि कड्यावर ६ मध्यरेषेवर आला तर ९०. इथे एक फसगत आहे. बऱ्याच पान्यांवर कड्यावरचे ते बारीक आकडे एकाच पट्टीचे असतात, बहुधा न्यूटन-मीटरचे. फूट-पाउंडची पट्टी मागच्या अंगाला नुसती ठळक रेघांची. कुणी मागचे फूट-पाउंड वाचून त्यात कड्यावरचे न्यूटन-मीटर मिळवले तर उत्तर कुठल्याच मापातलं राहत नाही. म्हणून मी सांगतो, आकडा आधी कागदावर त्या पट्टीच्या मापात आणा, मग मूठ फिरवा. मूठ फिरवून झाली की बुडाशी असलेला लॉक घट्ट करा. जोर मुठीच्या मधोमध, हळू, आणि एकदा टक् आवाज आला, म्हणजे लावलेला आकडा गाठला, की सोडा. दुसऱ्यांदा टक् ऐकायची हौस बोल्टाला महागात पडते.

पान्याच्या टोकाला पुढे लांब करणारा जोड लावला, तर पट्टीवरचा आकडा खोटा होतो, कारण अंतर बदललं. जात्याचाच नियम. मुठीच्या मध्यापासून चौकोनी टोकापर्यंत ४० सेंटीमीटर आणि त्यापुढे सरळ रेषेत १० सेंटीमीटरचा जोड असेल, तर बोल्टाला १०० हवेत म्हणून पाना लावायचा ८० वर. चाळीसला पन्नासने भागलं, शंभराने गुणलं. जोड पान्याला काटकोनात लावला तर हा फरक पडत नाही. सॉकेटखाली उभा एक्स्टेन्शन लावला तरी पडत नाही, अंतर तेच राहतं.

तिन्ही मापं एकच गोष्ट सांगतात, हे पोरांना नुसतं बोलून पटत नाही. म्हणून मी एक प्रयोग दाखवतो. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये सॉकेटने पकडायचं, पाना आडवा, जमिनीला समांतर. मुठीच्या मध्याला, टोकापासून ४० सेंटीमीटरवर, दोरीने २० किलोचं लोखंडी वजन टांगायचं, हळदीच्या पेठेत पोती तोलायला असतं ना, ते. २० गुणिले ०.४, म्हणजे ८ केजी-मीटर. दहापट वजा शेकडा दोन, ७८.४ न्यूटन-मीटर. सव्वासातपट, ५८ फूट-पाउंड. पाना ७० वर लावून वजन अलगद सोडलं की टक् होतं. ९० वर लावलं की होत नाही. मधे एक एक रेघ सरकवत गेलं की ८१ च्या आसपास टक् थांबतं, कारण पान्याचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं, दीड किलोचा पाना असेल तर साधारण तीन न्यूटन-मीटर. पाना अचूक आहे की नाही याचा दाखला या प्रयोगाने मिळत नाही, त्यासाठी तपासणी केंद्रातच न्यावा लागतो. पण एकदा टांगलेलं वजन डोळ्यांनी बघितलं की मुलगा पट्ट्यांना घाबरत नाही.

त्या ट्रॅक्टरचं हेड दुसऱ्यांदा बसवताना त्याच पोराने पाना धरला होता. मधल्या बोल्टापासून कडेला, आडवे-तिडवे, तीन टप्प्यांत, ३५, ७० आणि शेवटी १०८. प्रत्येक टप्प्याआधी तो मोठ्याने म्हणत होता, "न्यूटन-मीटर." झेरॉक्सच्या कापलेल्या कडेवर त्याने बॉलपेनने फूट-पाउंड लिहिलं, आणि त्यापुढे कंसात १०८.५. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्या शेतकऱ्याच्या टूलबॉक्समध्ये ठेवला.